भीतीवर अधिकार कोणाचा?

आपल्या जिवाभावाच्या माणसाची भीती घालविण्याचा आपणांस अधिकार आहे काय? प्रश्न चमत्कारिक वाटेल. भीती अनिष्ट, तेव्हा ती घालविणारा उपकारकर्ताच, असे कोणीही म्हणेल. आम्हीही तसेच म्हणत होतो. आमच्या सौभाग्यवतींस मोटारसायकल शिकविण्याचा उद्योग आरंभीपर्यंत या मताविषयी आम्हांस शंका आली नव्हती.

गोव्यात स्त्रीने दुचाकी चालविणे यात नवल राहिलेले नाही. तथापि आमच्या घरी होती ती गियरची जड मोटारसायकल, आणि सौभाग्यवतींच्या गुडघ्यावर होती लहानपणी सायकलवरून पडल्याची खूण. आम्ही त्यांचा शिकाऊ परवाना काढविला, शिरस्त्राण आणले, शाळेच्या मैदानावर पाठ सुरू केले. परवान्याची मुदत सहा महिन्यांची. ती सरत चालली म्हणून आमची घाई वाढली. तिसऱ्या दिवशी आम्ही ओरडलो, "सोड, क्लच सोड!" त्यांनी तो एकदम सोडला. गाडीने झेप घेतली, बंद पडली आणि त्यांना घेऊन आडवी झाली. कोपर खरचटले. "एवढ्याने काय होते!" असे आम्ही म्हणालो. रात्री भांडी आवरताना त्यांनी शांतपणे विचारले, "तुम्हांला मला शिकवायचे आहे, की मी शिकल्याचे चारचौघांत दाखवायचे आहे?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते. मैदान बंद झाले. परवान्याची मुदतही संपली.

पतीने पत्नीस शिकविण्याची परंपरा आपल्याकडे थोर आहे. १८७३ साली विवाह झाल्यावर न्यायमूर्ती रानड्यांनी रमाबाईंस अक्षरओळखीपासून शिकविले. घरातील स्त्रियांचा विरोध रमाबाईंनी कसा सोसला हे त्यांच्या आठवणींत आहे. आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाल्या, त्यामागेही गोपाळरावांचा ध्यास होता. पण गोपाळरावांच्या शिकविण्यातील कठोरपणाही चरित्रकारांनी लपविलेला नाही. आनंदीबाई १८८७ साली, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी गेल्या. फळ उज्ज्वल निघाले म्हणून तो कठोरपणा योग्य ठरतो काय? आम्हांस तसे म्हणवत नाही. आणि येथे तर विद्येचाही प्रश्न नव्हता. मोटारसायकल न चालविल्याने कोणाचा धर्म बुडत नाही.

मात्र याची दुसरी बाजूही दृष्टीआड करून चालणार नाही. "तुला भीती वाटते ना, मग राहू दे" असे म्हणणारा नवरा मोठा समजूतदार दिसतो; पण त्यायोगे बायकोने बाजारास, माहेरास, देवळास जायचे ते आपल्या सवडीने, ही सोय तो स्वतःसाठी राखून ठेवीत असतो. आमच्या चार महिन्यांच्या मौनात त्या सोयीचाही अंश होता, हे कबूल केले पाहिजे. गीतेत अर्जुनाचा विषाद पाहून भगवंतांनी त्यास एकटे सोडले नाही. अठरा अध्याय समजाविले. पण शेवटी, सर्व सांगून झाल्यावर, विचार करून इच्छेस येईल तसे कर, असे म्हणून त्यास मोकळे ठेवले. आम्ही समजावणी वगळून थेट हुकमावर आलो, आणि हुकूम चालेना तेव्हा रुसून बसलो.

वाट दाखविली ती शेजाऱ्याने. हे गृहस्थ पायलट, म्हणजे भाड्याने मोटारसायकलवर उतारू नेणारे. त्यांनी ऐकून घेतले आणि इतकेच म्हणाले, "पयलीं वजन कळूं दियात, मागीर वेग." पुढे काही दिवसांनी सौभाग्यवतींनीच विषय काढला आणि नवा परवानाही आपण होऊन काढला. या खेपेस पहिले दोन दिवस इंजिन बंदच होते. गाडी हाताने ढकलायची, कलती करायची, सावरायची, स्टँडवर लावायची. मग इंजिन सुरू करून, दोन्ही पाय जमिनीस टेकवीत, क्लच केसभर सोडायचा. गाडी सरकू लागली की पुन्हा दाबायचा. चाक कोठे जोर धरते हे डाव्या हाताच्या बोटांना कळावे लागते, ते शब्दांनी सांगता येत नाही. ब्रेक हळूहळू आवळायचा, वळणात तर मुळीच झटका द्यायचा नाही. आठवडाभर दुसरा गियर नाही. त्यांनी हात वर केला की त्या दिवसाचा पाठ संपला, कारण विचारायचे नाही. आम्ही मैदानाच्या कडेला उभे राहायचे, आणि तोंड मिटून. यांतले शेवटचे कलम पाळणे सर्वांत जड गेले.

महामार्गावर त्या अद्याप जात नाहीत; जावे असे आम्ही म्हणतही नाही. गेल्या सोमवारी मात्र मंगेशीच्या पालखीस त्या आतल्या रस्त्याने स्वतः गाडी घेऊन निघाल्या. मागे बसू काय, असे आम्ही विचारले. "आज नको," म्हणाल्या. आम्ही बसने गेलो. पोहोचलो तेव्हा पालखी परतत होती, आणि दीपमाळेजवळ त्या शिरस्त्राण काखेत धरून हात जोडून उभ्या होत्या.