मोजणीपासून मांडणीपर्यंत

कर्करोगाच्या गाठीत पांढऱ्या पेशी दिसतात, हे बर्लिनच्या रुडॉल्फ विरखोव यांनी १८६३ मध्ये नोंदवले. जिथे जुनाट दाह असतो तिथे कर्करोग मूळ धरतो, असा निष्कर्ष त्यांनी त्यावरून काढला. १९०९ मध्ये पाउल एर्लिख यांनी उलट विचार मांडला: शरीराची प्रतिकारशक्तीच कर्करोगाला दाबून ठेवत असावी. या पेशी रोगाला साथ देतात की अटकाव करतात, हा प्रश्न पुढे अनेक दशके रेंगाळला.

त्याला नेमके वळण मिळाले २००६ मध्ये, पॅरिसमध्ये. जेरोम गॅलों आणि सहकाऱ्यांनी मोठ्या आतड्याच्या कर्करोगात पांढऱ्या पेशींपैकी टी-पेशी कोणत्या, किती दाट आणि गाठीच्या मध्यात की कडेला, हे तपासले. रुग्णाच्या भवितव्याचा अंदाज त्यावरून रोगाच्या रूढ टप्प्यांपेक्षाही चांगला बांधता येत होता. संख्येच्या जोडीला जागाही महत्त्वाची ठरली.

टी-पेशींवरचा लगाम सैल करणारी औषधे २०११ पासून वापरात आली आणि जागेचा हा प्रश्न रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचला. काहींचा रोग वर्षानुवर्षे आटोक्यात राहिला, अनेकांना मात्र काहीच गुण आला नाही. काही गाठींत टी-पेशी भरपूर होत्या, पण कडेच्या तंतुमय ऊतीत अडकून पडलेल्या. लगाम सोडला तरी त्या आत पोहोचणार कशा?

सगळ्यांचे लक्ष असे टी-पेशींवर असताना पांढऱ्या पेशींचाच दुसरा प्रकार, म्हणजे बी-पेशी, दुर्लक्षित राहिला. २०२० च्या जानेवारीत ‘नेचर’मध्ये एकाच वेळी आलेल्या तीन शोधनिबंधांनी त्यांना पुढे आणले. मेलॅनोमा, मूत्रपिंडाचा कर्करोग आणि सार्कोमा यांत औषध लागू पडण्याचा संबंध बी-पेशींशी आणि त्या टी-पेशींसोबत जिथे वस्ती करतात त्या रचनांशी दिसला. घसा दुखला की मानेत ज्या लसीकाग्रंथी सुजतात, तशाच ग्रंथींची ही छोटी, जागच्या जागी उभी राहिलेली आवृत्ती. पुढे फ्रान्समधील एका चाचणीत सार्कोमाचे रुग्ण या रचना पाहूनच निवडून त्यांना लगाम सैल करणारे औषध दिले, तेव्हा ३० टक्के रुग्णांच्या गाठी लक्षणीय आक्रसल्या. अशी निवड न करता तेच औषध दिले होते तेव्हा हे प्रमाण जेमतेम २.४ टक्के होते.

विशेष म्हणजे, पेशींच्या या रचना, हे पुंजके, नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगांनी रंगवलेल्या साध्या काचपट्टीवरही दिसतात. आतड्याच्या कर्करोगाभोवती ते असले तर रुग्णाची वाटचाल बरी असते, असे दोन पॅथॉलॉजिस्टनी १९९० मध्येच लिहून ठेवले होते. उणीव उपकरणाची नव्हती. या पुंजक्यांना काय विचारायचे, हे ठरले नव्हते.

तरी मांडणीलाच मंत्र मानणे धोक्याचे. यकृतात अशाच रचना कर्करोगाच्या आद्यपेशींना आसरा देतात, असे २०१५ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत आढळले. विरखोव यांची शंका अगदीच निराधार नव्हती. पेशीचा गुणधर्म एकट्या पेशीत शोधून भागत नाही. शेजारी कोण, रचना किती परिपक्व आणि अवयव कोणता, हे कळल्याशिवाय तीच पेशी मित्र की शत्रू, हे सांगता येत नाही.