तोच संगणक, की तसाच दुसरा?

अ‍ॅपलचा १९८९ सालचा मॅकिंटॉश एसई/३० आज चालू करायचा तर आधी उघडावा लागतो. मदरबोर्डावरच्या छोट्या कपॅसिटरांतला द्रव वर्षानुवर्षे झिरपत राहतो आणि तांब्याच्या रेघा खातो. घड्याळ चालवणारी लिथियम बॅटरी फुटली असेल, तर आसपासचा बोर्ड गंजलेला असतो. असे यंत्र लावले की सुरुवातीचा ओळखीचा सूर येत नाही, पडद्यावर नुसते आडवे पट्टे उमटतात. मग संग्राहक जुने कपॅसिटर उतरवतो, नवे सोल्डर करतो, बंद पडलेल्या हार्ड डिस्कच्या जागी मेमरी कार्डावर चालणारा बोर्ड बसवतो आणि पिवळी पडलेली पेटी उजळून घेतो. यंत्र चालू लागते. पण हे १९८९ चेच यंत्र का? भारतीय दर्शनांमध्ये घडा, कापड आणि रथ यांच्या निमित्ताने या प्रश्नाचा बारीक कीस पाडला गेला आहे.

बौद्धांचे उत्तर सर्वांत सडेतोड. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला रथाचा एकेक भाग दाखवून विचारतो, की हा रथ आहे काय? चाक रथ नाही, आस रथ नाही, आणि भाग वगळले तर उरणारेही काही रथ नाही. रथ हे भागांच्या जुळणीला दिलेले व्यवहारापुरते नाव. हे मान्य केले तर एसई/३० चा प्रश्नच मिटतो, कारण बदलायला ‘तो’ असा कोणी नव्हताच. ग्रीकांकडे हाच पेच थीसियसच्या जहाजाच्या रूपाने आला: एकेक फळी बदलत गेली तर जहाज तेच का? जहाजाच्या काढून टाकलेल्या फळ्या जपून त्यांचेच दुसरे जहाज बांधले तर खरे कोणते, हा पुढचा खोडसाळ प्रश्न टॉमस हॉब्जने १६५५ मध्ये जोडला. मेलेल्या यंत्रांतल्या चिपा काढून दुसरी यंत्रे जिवंत करणाऱ्यांच्या टेबलावर तो रोजच पडलेला असतो.

नैयायिकांना बौद्धांची वाट मान्य नाही. त्यांच्या मते अवयवांहून वेगळा असा अवयवी, म्हणजे संपूर्ण वस्तू, खरोखर असतो. घडा म्हणजे कपालांची, अर्थात घटक तुकड्यांची, नुसती बेरीज नव्हे. मात्र या मताची किंमत मोजावी लागते. कापडातला एक धागा निघाला तरी मूळ कापड नष्ट होते आणि उरलेल्या धाग्यांचे ‘खंडपट’ नावाचे नवे कापड उत्पन्न होते, असे न्याय-वैशेषिकांना म्हणावे लागते. त्या हिशेबाने पहिला कपॅसिटर उतरवला त्याच क्षणी १९८९ चा मॅकिंटॉश संपला.

रंगाच्या बाबतीत हेच नैयायिक बरेच उदार आहेत. कच्चा काळसर घडा भट्टीत लाल होतो, तेव्हा नेमके काय घडते यावर दोन मते आहेत. वैशेषिकांच्या पीलुपाकवादानुसार अग्नीने घडा परमाणूंपर्यंत सुटतो, परमाणूंचा रंग बदलतो आणि त्यांचा नवा घडा बनतो. नैयायिकांच्या पिठरपाकवादानुसार घडा आहे तसाच राहतो आणि अखंड अवस्थेतच रंग बदलतो. ‘तोच हा घडा’ ही ओळख त्यांना खोटी ठरवायची नाही. संगणकाच्या पेटीचा वाद याच्या फार जवळचा आहे. एबीएस प्लास्टिकमध्ये आग पसरू नये म्हणून ब्रोमीनची संयुगे मिसळलेली असत. प्रकाश आणि उष्णतेने त्यांत व प्लास्टिकमध्ये होणाऱ्या बदलांमुळे राखाडी पेटी पिवळी, कधी तपकिरी होते. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून ती उन्हात किंवा अतिनील दिव्याखाली ठेवली की मूळचा रंग बराचसा परततो, आणि बहुधा काही वर्षांनी पुन्हा जातो. नैयायिकाला यात काहीच अडचण नाही: पेटी तीच.

गंमत अशी की संग्राहकांचा कल नेमका उलटा दिसतो. कपॅसिटर बदलल्याने यंत्र ‘तेच’ राहिले नाही असे सहसा कोणी म्हणत नाही. पेटी उजळावी की नाही यावर मात्र भांडणे होतात. याला कारण आहे. बोर्डाच्या नकाशात कपॅसिटरच्या जागी ‘४७ मायक्रोफॅरड, १६ व्होल्ट’ एवढेच लिहिलेले असते. अभियंत्याला त्या जातीचा कोणताही कपॅसिटर चालणार होता, आणि तो कधीतरी संपणार हेही ठाऊक होते. पिवळेपणाची जात नसते. पेटीच्या एकाच बाजूला तो गडद असेल, तर या एकाच यंत्रावर वर्षानुवर्षे कोणत्या बाजूने ऊन पडले, हे त्यातून कळते. ते पुसणे म्हणजे व्यक्तीची खूण पुसणे. इथे अवयवांची मोजदाद कमी पडते आणि संग्राहकांचा अंदाज शास्त्रकारांहून बरोबर वाटतो.

यंत्र वापरावे की नुसते जपावे, हा पोटप्रश्न यातूनच निघतो. बौद्ध तत्त्वज्ञ धर्मकीर्तीने जे कार्य करते तेच वास्तव, अर्थात अर्थक्रियाकारी असणे हीच सत्तेची कसोटी मानली. सीलबंद खोक्यातला, कधीच न लावलेला संगणक या कसोटीला उतरणार नाही असे घाईने म्हणू नये: हात न लागलेला बोर्ड तेव्हाच्या कारागिरीची साक्ष देतो, आणि साक्ष देणे हेही कार्यच.

प्रोग्रामांबाबत मीमांसकांचा विचार अधिक उपयोगी पडतो. त्यांच्या मते शब्द नित्य आहे. उच्चार त्याला घडवत नाही, फक्त प्रकट करतो. कमोडोर ६४ या संगणकावरचा खेळ फ्लॉपीवर असो, कार्ट्रिजमध्ये असो की आजच्या लॅपटॉपवरच्या व्हाइस या इम्युलेटरमध्ये, खेळ एकच आणि प्रकट करणारी साधने निराळी, असे म्हणता येते. इम्युलेटरला नक्कल म्हणून हिणवणाऱ्यांना हे चोख उत्तर आहे.

हे उत्तर पुरे पडत नाही ते संगीतापाशी. १९८२ च्या या संगणकातली ६५८१ ही ध्वनी निर्माण करणारी सिड चिप बॉब यान्स यांनी रचली. तिच्यात तीन आवाज आणि एक अ‍ॅनालॉग फिल्टर होता. तो फिल्टर चिपागणिक इतका बदलतो, की तीच धून एका यंत्रावर दबकी आणि दुसऱ्यावर उजळ वाजते. यांतली मूळ धून कोणती, हे नुसत्या प्रोग्रामवरून ठरत नाही. प्रकट करणारे साधनच इथे रचनेत शिरलेले असते. त्याहून अडचणीची गोष्ट म्हणजे चिपमधल्या एका विद्युत दोषामुळे आवाजाची पातळी बदलली की टक्क असा ध्वनी येई. प्रोग्रामरांनी हे ‘टक्क’ ध्वनी भराभर वाजवून तिच्यातून ढोल आणि माणसाचा आवाजही काढला. पुढच्या ८५८० चिपमध्ये हा दोष गेला, आणि ते ढोल जवळजवळ ऐकूच येईनात. म्हणून काही जण तिला एक रेझिस्टर जोडून जुना दोष परत आणतात. कमोडोरच्या मूळ नकाशात हा रेझिस्टर कुठेच नाही. अवयव मोजणाऱ्याच्या लेखी तो जोडताच यंत्र मुळापासून आणखी दूर गेले; ऐकणाऱ्याच्या लेखी धून जागेवर आली.