गुहांच्या मधली वाट

लास्कोच्या चित्रगुहेची प्रतिकृती करता आली. वेझेर नदीच्या खोऱ्याची करता येणार नाही. नैऋत्य फ्रान्समधल्या या नदीकाठाने सायकल चालवताना ही गोष्ट मनात ठसत जाते. ती पटली की ऐतिहासिक स्थळे पाहायला जाणे म्हणजे नेमके काय, याचाही नव्याने विचार करावा लागतो.

वेझेर मिलवाशच्या पठारावर उगम पावते आणि सुमारे २१० किलोमीटर वाहून लिमय या गावी दोर्दोन्य नदीला मिळते. तिच्या खालच्या टप्प्यात, विशेषतः माँतिन्याक ते लेझेझी या पंचवीसेक किलोमीटरांच्या पट्ट्यात आणि आसपास, आदिमानवाच्या खुणा इतक्या दाटीने सापडल्या की १९७९ साली युनेस्कोने खोऱ्यातली १५ स्थळे जागतिक वारशाच्या यादीत घातली. नकाशावर ती १५ टिंबे आहेत. मोटारीने आलेला प्रवासी एका टिंबावरून दुसऱ्यावर जातो: पार्किंग, तिकीट, मार्गदर्शक, पुन्हा पार्किंग. मधले अंतर त्याच्या लेखी वाया गेलेला वेळ असतो. सायकलवाल्याला तेच अंतर पायांच्या बळावर कापावे लागते, त्यामुळे ते त्याच्या अंगात मुरते. आणि माझे म्हणणे असे की या खोऱ्याचा इतिहास कळायचा असेल तर तो या मधल्या अंतरातच कळतो.

नदीला धरून जाणारा डी ७०६ हा रस्ता फार चढाचा नाही. तासाला पंधरा-वीस किलोमीटरच्या वेगाने नदीची वळणे एकामागून एक समोर येतात, आणि थोड्याच वेळात त्यांची रीत लक्षात येते. वळणाच्या बाहेरच्या अंगाला चुनखडीचा उभा कडा, आतल्या अंगाला सपाट गाळाची जमीन. तिथे मका, गवत, अक्रोडाच्या बागा. नदीने बाहेरचा काठ कोरत नेला. हिमयुगातल्या थंडीत खडकात मुरलेले पाणी गोठून फुगले, तसे त्यातले मऊ थर सुटून पडले आणि वरचा टणक थर छज्ज्यासारखा पुढे राहिला. उन्हातून अशा कड्याखाली सायकल शिरते तेव्हा हवेतला फरक लगेच जाणवतो. वारा पडतो, पावसापासून आडोसा मिळतो, समोर नदी दिसते. यातले अनेक कडे दक्षिणेकडे तोंड करून आहेत, म्हणजे हिवाळ्यातले उतरते ऊनही आत येते. शिवाय हत्यारांसाठी चकमकीचा दगड जवळच आणि शिकारीचे कळप याच खोऱ्यातून ये-जा करणारे. माणसे इथे का राहिली, हे कुठल्याही गुहेतल्या फलकाआधी रस्ताच सांगून टाकतो.

ती राहिली तीही थोडीथोडकी नव्हे. ला रोक सँ-क्रिस्तोफ हा कडा जवळजवळ एक किलोमीटर लांब आणि ८० मीटर उंच आहे. त्याच्या पोटात निसर्गानेच मजले पाडले आहेत. आदिमानवाने तिथे आसरा घेतला आणि मध्ययुगात तर तिथे अख्खे गाव नांदले. १५८८ साली, धर्मयुद्धांच्या धामधुमीत, ते पाडून टाकण्यात आले. आज तिथे घरे नाहीत, पण खडकात ओळीने कोरलेल्या चौकोनी खोबणी आहेत. त्यात तुळया बसत, तुळयांवर जमीन आणि छप्पर. कड्याचीच मागची भिंत झाली होती. हजारो वर्षांच्या फरकाने आलेल्या माणसांनी एकच जागा निवडली, कारण ऊन, पाणी आणि आडोसा या गरजा बदलल्या नव्हत्या.

पाठ्यपुस्तकात प्रागैतिहासिक काळाची शिडी असते: खाली मुस्तेरियन, वर मॅग्डलेनियन. इथे त्या पायऱ्या एकमेकींच्या शेजारणी आहेत. ल मुस्तिए या गावात निअँडरथल माणसाच्या हत्यारांची परंपरा ओळखली गेली, तिथून काही किलोमीटरवर, नदीच्या अरुंद वळणाशी, ला मादलेनचा निवारा आहे. तिथे १८६४ साली मॅमथच्या सुळ्याचा एक तुकडा सापडला आणि त्यावर मॅमथचेच चित्र कोरलेले होते. नामशेष झालेला प्राणी आणि माणूस एकाच काळात जगले, याचा तो डोळ्यांना दिसणारा पुरावा ठरला. आणखी पुढे लेझेझीला, १८६८ साली रेल्वेसाठीचे खोदकाम चालू असताना क्रो-मॅग्नन निवाऱ्यातले सांगाडे हाती लागले. निअँडरथलपासून आपल्यासारख्या माणसापर्यंतचा पल्ला सकाळच्या एका फेरीत पार होतो. त्याने काळ लहान होत नाही; उलट जमिनीचा एकच तुकडा माणसांना किती काळ पुरला, हे कळते.

पण जागेवरून वस्तू उचलून नेण्याची हावही याच खोऱ्यात पाहायला मिळते. लेझेझीजवळच्या एका लहानशा निवाऱ्याच्या छतावर सामन मासा कोरलेला आहे. लांबी साधारण एक मीटर, वय सुमारे २५ हजार वर्षे. त्याच्या खालच्या जबड्याचे टोक वर वळलेले आहे. अंडी घालण्याच्या हंगामात नराचा जबडा असाच आकडीसारखा होतो, म्हणजे कोरणाऱ्याने मासा हातात घेऊन नीट पाहिला होता. आणि त्या माशाभोवती चौकटीसारखे खोल चर आणि भोके आहेत. १९१२ साली मासा सापडला, आणि लगेचच तो छतासकट कापून बर्लिनच्या संग्रहालयाला विकायचा घाट घातला गेला. सरकारने तो वेळीच थांबवला. मासा बर्लिनच्या संग्रहालयात गेला असता तर मासाच राहिला असता. पण हाकेच्या अंतरावर वाहणारी नदी त्याच्याबरोबर गेली नसती.

लास्कोची कथा याच्या उलट आहे. तिथे कोणी काही उचलून नेले नाही, लोक फक्त पाहायला आले. १२ सप्टेंबर १९४० रोजी माँतिन्याकजवळच्या टेकडीवर मार्सेल राविदा आणि त्याचे तीन सोबती एका अरुंद भोकातून आत उतरले. आत भिंतींवर घोडे, हरणे आणि रानबैल रंगवलेले होते, त्यातला एक बैल पाच मीटरहून लांब. १९४८ पासून गुहा सर्वांसाठी खुली झाली. पुढे दिवसाला हजाराहून अधिक माणसे येऊ लागली. त्यांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड, अंगाची ऊब, दिव्यांचा उजेड यांनी भिंतींवर हिरवे शेवाळ धरले आणि पांढऱ्या कॅल्साइटचे थर चढू लागले. हजारो वर्षे टिकलेल्या चित्रांना पंधरा वर्षांचे कौतुक सोसवले नाही. १९६३ साली तेव्हाचे सांस्कृतिक मंत्री आंद्रे माल्रो यांनी गुहा बंद केली. तो निर्णय मला फार मोलाचा वाटतो. आपल्या प्रेमाने एखादी गोष्ट मरत असेल तर बाहेर थांबावे, हे एका सरकारने मान्य केले.

१९८३ साली मूळ गुहेपासून थोड्याच अंतरावर पहिली प्रतिकृती उघडली आणि २०१६ च्या अखेरीस टेकडीच्या पायथ्याशी त्याहून भव्य दालन आले. प्रतिकृती अप्रतिम आहेत. तरी चित्र कितीही हुबेहूब असले तरी ते एकटे अपुरेच. लास्कोच्या गुहेत सापडलेली खाल्लेल्या प्राण्यांची हाडे बहुतांश रेनडिअरची आहेत, आणि तिथल्या शेकडो प्राण्यांच्या चित्रांत रेनडिअर जवळजवळ नाहीच. म्हणजे जे पोटात जात होते ते भिंतीवर नव्हते. हा पेच केवळ चित्रांकडे बघून पडतही नाही. त्यासाठी चित्राची गुहा, चुलीचा निवारा आणि कळपांची वाट या तिन्ही गोष्टी एकत्र धराव्या लागतात, आणि त्यांना जोडणारी गोष्ट म्हणजे खोरे.

जमिनीचा आकार वाचता येणे म्हणजे काय, हे विष्णु श्रीधर वाकणकरांनी दाखवले. १९५७ साली भोपाळकडे जाणाऱ्या आगगाडीतून या मराठी पुरातत्त्वज्ञाला लांबवर खडकांची रांग दिसली. तिच्या ठेवणीवरूनच तिथे निवारे असणार हे त्यांनी ताडले, आणि पायी जाऊन पाहिले तर तिथे भीमबेटकाचे चित्रांनी भरलेले निवारे होते. चित्र नंतर दिसले. आधी दिसली ती जमीन.

सायकल हे अशा वाचनाचे साधन आहे, पण ते आपोआप होत नाही. फ्रान्समध्ये सायकलच्या दोन परंपरा शेजारी शेजारी वाढल्या. एक शर्यतीची. दुसरी भटकंतीची, जिचे मोठे पुरस्कर्ते सँ-एतियेनचे पॉल द व्हिवी. गिअर बदलता येणारी सायकल सामान्य माणसाला डोंगर दाखवेल, असा त्यांचा आग्रह होता. तूर द फ्रान्स या शर्यतीने मात्र गिअर बदलणारा डिरेलर १९३७ पर्यंत स्पर्धकांना वापरू दिला नाही. १९३६ मध्ये कामगारांना दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली आणि असंख्य जोडपी सायकली आणि टँडेम घेऊन आपलाच देश पाहायला निघाली. आज पुण्या-नाशिकचे सायकलपटू २०० किलोमीटरची ब्रेव्हे ही मुदतीची फेरी साडेतेरा तासांत पुरी करतात, पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसचे १२०० किलोमीटर गाठायला फ्रान्सलाही जातात. त्या जिद्दीला माझा नमस्कार आहे. पण नजर हँडलबारवरच्या आकड्यांवर खिळली असेल तर सायकलवाल्यालाही मोटारवाल्याइतकेच दिसते. वेझेरच्या काठी घड्याळ खिशात ठेवावे.

मधले अंतर जपण्यासारखे असते, हे शेजारच्या दोर्दोन्य खोऱ्यात प्रत्यक्ष दिसले. बेनाक गावात कडा आणि नदी यांच्यामधून एकच चिंचोळा रस्ता जातो, उन्हाळ्यात तिथे वाहने तुंबतात. म्हणून वळणरस्ता आणि नदीवर पूल यांचे काम सुरू झाले. गावातून रोज जाणाऱ्यांची अडचण खरी होती. तरीही न्यायालयाने आधी काम थांबवले आणि २०१९ साली परवानगी रद्द करून बांधलेले काढून टाकण्याचा आदेश दिला. आधार होता संरक्षित जीवजातींच्या कायद्याचा. विरोधकांच्या मनात मात्र सबंध देखावा होता: नदी, किल्ले, शेते, आणि त्यांचे एकमेकांशी असलेले नाते. पण न्यायालयात त्या नात्याचा नव्हे, वटवाघळांचा आणि पाणमांजरांचा आधार उपयोगी पडला. इथेच आपल्या वारशाच्या कल्पनेतली उणीव दिसते. आपण टिंबांना कुंपण घालतो, तिकीट लावतो, गरज पडली तर प्रतिकृतीही उभारतो. टिंबे जोडणाऱ्या जमिनीकडे मात्र आपले लक्ष कमीच जाते.

म्हणून वारशाची यादी करताना स्थळांइतकीच त्यांच्यामधली जमीन मोजली पाहिजे, आणि प्रवाशानेही आपला वेळ तसाच वाटला पाहिजे. लास्को बंद आहे याची हळहळ करण्याचे कारण नाही. ज्या खोऱ्याने ती चित्रे काढणाऱ्यांना पोसले ते उघडे आहे, त्याला तिकीट नाही, आणि आपल्या श्वासाने ते काळवंडत नाही. एवढेच की तिथे स्वतःच्या ताकदीवर, अंगावर ऊन-वारा घेत जावे लागते. तिथे राहणारी माणसेही तशीच हिंडत होती.