तिची बाजू ऐकताना

प्राचीन अथेन्सच्या रंगमंचावर स्त्रीपात्रे पुष्कळ होती. परंतु नाटके पुरुष लिहीत आणि मुखवटा चढवून स्त्रीभूमिकाही पुरुषच करीत. मेदिया, अँटिगनी, इफिजेनिया यांचे विलाप जगापर्यंत पोहोचले ते या वाटेने. गेल्या काही दशकांत लेखिकांनी या कथा पुन्हा हाती घेतल्या आणि त्या स्त्रियांच्या बाजूने मांडल्या. हा केवळ नाट्यरसिकांचा विषय नाही. त्यातून एक नैतिक प्रश्न उभा राहतो. कथेने जिच्यावर अन्याय केला, तिला न्याय देणे म्हणजे नेमके काय करणे?

पहिले उत्तर सोपे आहे. तिला बोलू द्यावे. ऑर्फियसची पत्नी युरिडिसी सर्पदंशाने मरण पावते. आपल्या संगीताने मृत्युलोकाच्या राजाचे मन वळवून तो तिला परत आणू लागतो. पण अट मोडून मागे वळून पाहतो आणि तिला कायमचा मुकतो. ही सारी कथा त्याच्या शोकाची आहे. अमेरिकन नाटककार सारा रूल यांनी २००३ साली रंगमंचावर आलेल्या ‘युरिडिसी’ या नाटकात तिच्या मनात डोकावून पाहिले. मृत्युलोकात तिला तिचे दिवंगत वडील भेटतात आणि परतीच्या वाटेवर तीच पतीला हाक मारते, म्हणून तो वळतो. जी केवळ हरवलेली वस्तू होती, तिला येथे स्वतःचे मन लाभते.

मेदियाचे प्रकरण अधिक अवघड आहे. पतीसाठी माहेर आणि मायदेश सोडून ती करिंथला आली. पुढे संत पौलाने जिथल्या ख्रिस्ती मंडळीला पत्रे लिहिली, तीच ही नगरी. तेथे जेसन तिला टाकून राजकन्येशी लग्न करतो आणि राजा तिला मुलांसह हद्दपार करतो. सूडापोटी ती राजा आणि राजकन्येबरोबर स्वतःच्या दोन मुलांचाही जीव घेते. युरिपिडीसचे हे नाटक इ.स.पू. ४३१ मधील स्पर्धेत तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या क्रमांकावर राहिले. त्यात मेदिया स्त्रीजातीची कैफियत मांडते. धन मोजून नवरा मिळवावा आणि तो चांगला निघो की वाईट, त्याच्याच स्वाधीन व्हावे, अशी तिची तक्रार आहे. हुंड्याचे चटके पाहिलेल्या आपल्या समाजाला ती परकी वाटू नये. तरीही युरिपिडीस तिच्या हातावरचे रक्त पुसत नाही.

जर्मन लेखिका ख्रिस्ता वोल्फ यांनी १९९६ साली आपल्या ‘मेदिया’ कादंबरीत निराळी वाट धरली. मुलांना करिंथकरांनीच ठार मारले आणि आळ आईवर घातला, अशीही एक जुनी ग्रीक परंपरा होती. तिला जवळ जाऊन त्यांनी मेदियाला या हत्येतून मुक्त केले. खोटा आळ दूर करणे हे सत्कृत्यच होय. परंतु जी कथा अपराध मान्य करते, तिच्यातूनही केवळ ती पीडित आहे म्हणून तो नाहीसा करावा काय? तसे केल्यास त्या मुलांचे मरण बिनमोल ठरते. शिवाय तिची निवड हिरावली जाते, आणि निवड नसेल तर पश्चात्तापालाही जागा उरत नाही.

या प्रश्नाचे विचारी उत्तर मला कॅनडाच्या मार्गारेट ॲटवुड यांच्याकडे सापडते. आपल्या २००५ मधील ‘पेनेलोपियाड’ या पुस्तकाचे नाट्यरूपांतर त्यांनीच केले आणि २००७ साली ते केवळ स्त्री-कलावंतांच्या संचात रंगमंचावर आले. होमरच्या महाकाव्यात वीस वर्षांनी घरी परतलेला ओडिसियस आपल्या पत्नीमागे लागलेल्या लग्नेच्छू सरदारांना ठार करतो. त्यांच्याशी संग केल्याबद्दल घरातील पन्नास दासींपैकी बारा जणींना फाशी दिले जाते. त्याआधी रक्ताने माखलेले दालन त्यांच्याकडूनच धुवून घेतले जाते. त्या गुलाम होत्या. नकार देणे त्यांना शक्य तरी होते काय, असे तेथे कोणी विचारीत नाही. ॲटवुड यांनी या बारा जणींना कोरस म्हणून उभे केले. त्यांच्या कथेत पेनेलोपीनेच दासींना सरदारांमध्ये मिसळून बातम्या काढण्यास सांगितलेले असते आणि हे ठाऊक नसलेली वृद्ध दाई त्यांना दोषी म्हणून दाखवून देते. पेनेलोपीचे दुःख आपल्याला पटते. पण त्या बारा जणींसमोर तिलाही उत्तर द्यावे लागते.

आपल्या पवित्र ग्रंथातही अशा मूक स्त्रिया आहेत. शास्ते या पुस्तकातील इफ्ताहची कन्या वडिलांच्या नवसापायी बळी जाते आणि तिचे नावसुद्धा नोंदलेले नाही. मग्दालाच्या मरियेचे नाव नोंदलेले होते, पण पोप ग्रेगरी यांच्या ५९१ सालच्या प्रवचनानंतर पाश्चात्त्य परंपरेने तिला पापी स्त्री मानले. शुभवर्तमान तसे कोठेही सांगत नाही. १९६९ च्या सुधारित उपासना-पंचांगाने ती गल्लत दूर केली आणि २०१६ साली २२ जुलैच्या तिच्या स्मरणदिनाला सणाचा दर्जा मिळाला. तिला न्याय देण्यासाठी नवी कथा रचावी लागली नाही. असलेला मजकूर नीट वाचणे पुरेसे होते.

व्यभिचारात धरलेल्या स्त्रीविषयी सारे बोलत होते. प्रभू येशू तिच्याशी बोलला. त्याने तिला दंड दिला नाही, आणि पुन्हा पाप न करण्यासही सांगितले. प्रायश्चित्त संस्कारातही धर्मगुरू आधी ऐकतात, मग पापक्षमा देतात. पाप घडलेच नाही, असे ते म्हणत नाहीत.

एखाद्या कुटुंबात संसार मोडतो, तेव्हा आपण बहुधा दोनच बाजू धरतो. सारा दोष तिचा, किंवा तिचा काहीच नाही. दोन्हींत तिचे बोलणे पुरते ऐकून घेण्याचे कष्ट टळतात. आणि ते ऐकून घेतले, तरी त्याच घरात भांडी घासणारी, काहीही न बोलणारी कोणी एक असते. तिलाही विचारावे लागेल.