नकाशा आणि निवाडा

आकाशात फिरणाऱ्या उपग्रहाला राग नाही, लोभ नाही. म्हणून त्याने टिपलेले चित्र निःपक्षपाती, आणि त्या चित्रावरून काढलेला नकाशा हाच अखेरचा निवाडा, अशी समजूत आपल्या कार्यालयांतून रूढ होऊ लागली आहे. पण पाहणे आणि निवाडा करणे या दोन क्रिया एकच आहेत काय? मरुभूमीतील वनांच्या मोजणीच्या निमित्ताने या प्रश्नाचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था १९८१ साली स्थापन झाली. १९८७ पासून ती, सामान्यतः दर दोन वर्षांनी, देशाच्या वनाच्छादनाचा अहवाल प्रसिद्ध करीत आली आहे. तिची व्याख्या स्वच्छ आहे. जमीन एक हेक्टर किंवा त्याहून अधिक असावी आणि वृक्षांच्या छत्राने तिचा निदान दहावा हिस्सा झाकलेला असावा. मग मालकी कोणाची, वृक्ष कोणत्या जातीचा, हे पाहिले जात नाही. या व्याख्येत एक मोठा गुणही आहे. महसुली दप्तराने जे रान वन मानले नाही, तेही उपग्रहाच्या नजरेस पडले तर मोजले जाते.

आता हीच व्याख्या घेऊन आपण जैसलमेर-बाडमेरच्या वाळूत जाऊ. तेथील खेजडी, रोहिडा, केर ही झाडे एकमेकांपासून अंतर राखून वाढतात, कारण जमिनीतील ओल तेवढीच असते. या कामी दीर्घकाळ वापरल्या गेलेल्या चित्रातील एक चौकट सुमारे साडेतेवीस मीटर लांबरुंद, म्हणजे साडेपाचशे चौरस मीटरांची. तीत आठ मीटर व्यासाचे एक डेरेदार झाड उभे आहे असे समजा. त्याची छाया पन्नास चौरस मीटर, म्हणजे दशांशाहून कमी. प्रत्येक चौकटीत असे एक झाड धरले, तर हेक्टरी अठरा झाडे उभी असूनही ती जमीन वन ठरत नाही. उलट, बाहेरून आणलेली विलायती बाभूळ दाट माजते आणि पाऊस सरल्यावरही हिरवी राहते. ती सहज वनात जमा होते. येथे डोळा खोटे बोलला नाही. दहा टक्क्यांची रेषा मात्र उपग्रहाने ओढलेली नाही. ती मनुष्याने ओढली आहे.

कोणी म्हणेल, डोळा अधिक तीक्ष्ण करा म्हणजे झाले. तसे प्रयत्न झालेही आहेत. २०२० साली संशोधकांनी सूक्ष्म चित्रांवरून पश्चिम आफ्रिकेतील सहारा व साहेल भागात एकेक झाड मोजले, आणि ज्या प्रदेशाला जग उजाड समजत होते तेथे एक अब्ज ऐंशी कोटींहून अधिक झाडे आढळली. हे ज्ञान अमोल आहे. तथापि झाडांची गणती पुरी झाली म्हणून त्या भूमीचे मोल पुरे कळले, असे होत नाही.

राजस्थानातील ओरण घ्या. आपल्याकडील देवराईचीच ती मरुभूमीतील बहीण. देवतेच्या नावाने राखलेल्या त्या रानात कुऱ्हाड चालत नाही. उंट-मेंढ्यांचे चरणे आणि पाणवठा मात्र तिच्यावरच अवलंबून. तेथे गवतच अधिक, आणि त्या गवतावर माळढोकासारखा पक्षी तग धरून आहे. कागदावर ‘पडीक’ असा शेरा पडला की सौरऊर्जेच्या प्रकल्पाला ती जमीन देणे सोपे जाते. देशाला वीज हवी हेही असत्य नाही. दोन हितांचा हा खरा झगडा आहे. पण एका पक्षाचे अस्तित्वच नकाशाने पुसले, तर झगडा ऐकण्यापूर्वीच निकाल लागतो.

१८ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातील प्रत्येक ओरणाचे मोजमाप जमिनीवर जाऊन तसेच उपग्रहाद्वारे करण्याचा आदेश दिला, आणि ते ठरविताना आकार न पाहता तेथील समाजाच्या दृष्टीने असलेले त्याचे महत्त्व पाहावे असे सांगितले. या आदेशाचे मर्म आम्हास असे दिसते की पाय आणि डोळा यांची साक्ष एकत्र घेतल्याविना सत्य पुरे होत नाही.

रेषा नकोच, असे आमचे म्हणणे नाही. रेषा नसेल तर अधिकाऱ्याची लहर हाच कायदा होईल. पण रेषा हे साधन आहे हे विसरून तिलाच सत्य मानणे, म्हणजे आपली जबाबदारी यंत्राच्या माथी मारणे होय. आपल्यापैकी पुष्कळांना परप्रांतात, जेथील भाषा आणि झाडांची नावेही नवी, अशा जमिनीच्या कागदांवर सही करावी लागते. ‘येथे वन नाही’ असे लिहिण्यापूर्वी हे कोणत्या मापाने, कोणत्या ऋतूत पाहिले, आणि तेथे कोणाची गुरे चरतात, एवढे तरी विचारणे हा सहीचाच भाग आहे. चित्र आकाशातून येते; शेरा मात्र आपल्या हाताने लिहिला जातो, आणि त्याचे उत्तरदायित्वही आपलेच असते.