दया नव्हे, देणं

चिंचिला हा प्राणी मुंबईसाठी बनलेला नाही, हे पाच मिनिटांत कुणालाही पटवून देता येईल. आकार सशाच्या पिल्लाएवढा, शेपूट खारीसारखी झुपकेदार, कूळ उंदरांचं. मूळ घर दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतावर, थंड आणि कोरड्या खडकांत. त्याच्या कातडीच्या एकेका छिद्रातून पन्नासहून अधिक केस उगवतात. या फरमुळे थंडी आत शिरत नाही, पण उष्णताही बाहेर पडत नाही. त्याला घाम येत नाही. अंगातली उष्णता जाते ती मुख्यतः मोठ्या, पातळ कानांमधून. २५ अंशांच्या वर त्याला त्रास सुरू होतो आणि ३० च्या आसपास उष्माघातानं जीव जाऊ शकतो. मे महिन्यात मुंबईचं पहाटेचं तापमानच २७ अंशांच्या आसपास असतं. म्हणजे त्या महिन्यात दिवसाचा एकही तास असा नसतो, जेव्हा या प्राण्याला निर्धास्तपणे उघड्या हवेत ठेवता येईल.

गेल्या मे महिन्यात असे दोन चिंचिला मी गिरगावातून लालबागला गाडीतून आणले. ते माझ्या मावसबहिणीचे. तिच्या चाळीची दुरुस्ती निघाली, खोलीतला एसी काढावा लागणार होता. ताईनं फोनवर विचारलं, “महिनाभर ठेवशील का गं तुझ्याकडे?” मी हो म्हणाले. अंतर सहा-सात किलोमीटर, तयारी दोन दिवसांची. प्लास्टिकचा पिंजरा ते कुरतडतात, म्हणून जाळीचा पिंजरा मागच्या सीटवर बेल्टनं बांधला. आत सुकं गवत आणि बसायला फ्रिजमध्ये गार केलेला ग्रॅनाइटचा तुकडा. पिंजऱ्याबाहेर टॉवेलात गुंडाळलेल्या, बर्फ झालेल्या पाण्याच्या बाटल्या. एसीचा झोत थेट अंगावर येऊ नये म्हणून एका बाजूला चादर. पहाटे साडेपाचला, गाडी आधी गार करून निघालो. ताई मागे बसून दर दोन मिनिटांनी त्यांचे कान लाल झालेत का ते बघत होती.

जिन्यात शेजारच्या काकू भेटल्या. म्हणाल्या, “इथं माणसं पंख्याखाली उकडून निघतायत, आणि तुम्ही उंदरांना एसी गाडीतून फिरवताय!” ताई हसली. मला मात्र तो प्रश्न हसण्यावारी नेता आला नाही.

माझ्या कामात एक गोष्ट सतत शोधावी लागते : जो एकच भाग बंद पडला की सगळी यंत्रणा कोसळते, असा भाग. सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर. त्या प्रवासात असा भाग म्हणजे गाडीचा कॉम्प्रेसर. पण घरी तरी काय वेगळं आहे? १२ ऑक्टोबर २०२० ला ग्रिडमधल्या बिघाडानं मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. आपल्यासाठी तो घामाघूम करणारा एक दिवस होता. चिंचिलाच्या बाबतीत त्याचे तास मोजावे लागतात. घर ही गोष्ट लपवून ठेवतं. पिंजरा गाडीत ठेवला की लक्षात येतं, की हा प्राणी मुंबईत राहत नाही. आपण तयार केलेल्या थंड हवेच्या एका डब्यात राहतो.

या डब्याचा इतिहास शंभर वर्षांचा आहे. फरच्या कोटांसाठी चिंचिलांची इतकी शिकार झाली, की विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते जवळजवळ संपले होते. एका कोटाला शंभरावर कातडी लागत. मॅथियस चॅपमन नावाचा एक अमेरिकन खाण-अभियंता तेव्हा चिलीत तांब्याच्या खाणीवर काम करत होता. त्यानं काही चिंचिला मिळवले, सावकाश कमी-कमी उंचीवर आणत त्यांना सवय लावली आणि १९२३ मध्ये जहाजानं कॅलिफोर्नियाला नेले. वाटेत पिंजरे बर्फानं गार ठेवावे लागले. ११ प्राणी पोचले. आज जगभर पाळल्या जाणाऱ्या चिंचिलांपैकी बहुतेकांचं मूळ तिथं जातं. हेतू पाळण्याचा नव्हता, फरच्या शेतीचा होता. आमच्या टॉवेलातल्या बाटल्या ही त्याच बर्फाची पुढची आवृत्ती.

आमची गाडी भायखळ्याला राणीच्या बागेवरून गेली. तिथं २०१६ मध्ये सोलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आणले गेले. तेही मूळचे पेरू-चिलीकडचे, त्यांनाही वातानुकूलित घर. त्यातला एक काही महिन्यांतच मेला. तेव्हा शहरात बराच वाद झाला आणि तो योग्यच होता. फरक इतकाच, की पेंग्विनांबद्दल महापालिकेला जाब विचारता येतो. बंद बेडरूममधल्या चिंचिलाबद्दल कुणी कुणाला विचारत नाही.

प्राण्यांवरच्या दयेची या शहराला जुनी ओळख आहे. १८३२ मध्ये भटके कुत्रे मारण्याच्या सरकारी हुकुमावरून इथं दंगल झाली आणि १८३४ मध्ये पांजरपोळ उभी राहिली. परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचं प्राण्यांचं रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून आहे. पण ती दया मुळात आपल्याच गल्लीतल्या जिवांसाठी होती. कुत्रा, गाय, घोडा इथलेच. त्यांची दुखणी दिसली आणि कुणाला तरी राहवलं नाही. चिंचिलाला इथं आपण आणलं. त्याची अडचण आपल्याला सापडलेली नाही, आपण ती तयार केली आहे. म्हणून त्याच्या बाबतीत ‘दया’ हा शब्द मला चुकीचा वाटतो. दया थांबवली तर लोक फार तर कठोर म्हणतील. देणं थांबवलं तर ती फसवणूक होते.

काकूंच्या प्रश्नाचं उत्तर मला इथून शोधावंसं वाटतं. त्यांचा राग खरा आहे. त्या पहाटे रस्त्याच्या कडेला माणसं झोपलेली होती, आणि आमच्या गाडीचा एसी आतली उष्णता त्याच रस्त्यावर टाकत होता. पण त्या दोन जिवांना मरू दिल्यानं फुटपाथवरच्या कुणालाही गारवा मिळणार नाही. मोठा अन्याय शेजारी उभा आहे म्हणून छोटं देणं बुडवता येत नाही. त्यातून निघतं ते एवढंच, की असं नवं देणं करताना त्याचा भार आपल्याखेरीज कुणाकुणावर पडतो, तेही मोजावं.

ताईला हे पटत नाही. ती म्हणते, “मग कुत्रा-मांजरही पाळू नये का?” मला फरक दिसतो. खिडकी उघडी राहिली तरी मांजर जगतं. गावठी कुत्र्याला हे शहर कळतं. शिवाजी पार्कात धापा टाकत चालणारा हस्की मात्र चिंचिलाच्याच बाजूला आहे. ताईचं तिच्या दोघींवर प्रेम आहे, याबद्दल मला शंका नाही. पण प्रेम हे आपण प्राणी का घेतला याचं कारण असतं. तो जगेल की नाही, याची हमी नसते. त्यांना अँडीजला परत सोडणंही शक्य नाही, कारण पिंजऱ्यातल्या कित्येक पिढ्यांनंतर तो डोंगर त्यांचा उरलेला नाही. म्हणून ज्या आहेत त्यांना शेवटपर्यंत नीट सांभाळायचं, आणि त्यांच्या जागी नव्या आणायच्या नाहीत, असं माझं मत आहे.

चिंचिला पंधरा-वीस वर्षं जगू शकतो. मी आज अठ्ठावीस वर्षांची आहे. आज विकत घेतला तर मी पंचेचाळीस ओलांडेन तेव्हाही तो कदाचित असेल. तोवर मी किती नोकऱ्या, किती भाड्याची घरं, कदाचित किती शहरं बदलेन, हे मला सांगता येत नाही. त्यातला प्रत्येक मे महिना मात्र त्याला माझ्याच भरवशावर काढावा लागेल.