सोडलेली गिधाडे आणि न तपासलेली मढी

जानेवारी २०२४ मध्ये हरियाणातील पिंजोरच्या प्रजनन केंद्रात वाढलेली पांढऱ्या पुठ्ठ्याची १० गिधाडे ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पात, कोळसा वनपरिक्षेत्रातील बोटेझरीला आणली गेली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आणि वनविभागाने त्यांना आधी मोठ्या पिंजऱ्यात रुळवले, मग पाठीवर जीपीएस यंत्र लावून मोकळे केले. जागेची निवड विचारपूर्वक होती, कारण वाघाने मारलेल्या सांबराच्या मांसात गुरांना दिले जाणारे, गिधाडांना विषारी ठरणारे औषध नसते. पण सोडलेल्यांपैकी एक पक्षी भटकत भटकत सुमारे ४,००० किलोमीटर उडाला आणि तमिळनाडूत पोहोचला. पंखांत एवढे बळ असणाऱ्या पक्ष्याला अभयारण्याची हद्द सांभाळू शकत नाही. त्याचे आयुष्य वाटेवरच्या प्रत्येक गावाबाहेर टाकलेल्या मढ्यावर ठरते. म्हणून गिधाडे परत आणण्याच्या कामाचा मुख्य भार त्या मढ्यांवर पडायला हवा, आणि हे काम सुरू करायला ताडोबाच्या गाभ्यापेक्षा शेजारचा गडचिरोली जिल्हा अधिक योग्य आहे, असे माझे मत आहे.

विषाने उद्ध्वस्त झालेली प्रजाती सावरताना काय होते, याचा सर्वांत बारकाईने अभ्यासलेला दाखला समुद्रातला आहे. मार्च १९८९ मध्ये अलास्काच्या प्रिन्स विल्यम साउंडमध्ये 'एक्झॉन वाल्डेझ' हे जहाज खडकावर आदळले आणि सुमारे ४ कोटी लिटर कच्चे तेल पाण्यात गेले. तेलाने माखलेली शेकडो समुद्री ऊदमांजरे पकडून, धुऊन, प्रचंड खर्चाने पुन्हा समुद्रात सोडली. त्यांतली बरीचशी पुढच्या काही महिन्यांत मेली किंवा बेपत्ता झाली. किनाऱ्याच्या वाळूखाली तेल मुरलेलेच होते, आणि हा प्राणी तळ उकरून शिंपले खातो. सर्वाधिक तेल लागलेल्या भागात त्यांची संख्या सावरायला दोन दशकांहून अधिक काळ गेला. ओर्कांच्या 'एटी-१' नावाच्या २२ जणांच्या गटातले ९ त्या अपघातानंतर नाहीसे झाले, आणि त्या गटात त्यानंतर एकही पिल्लू नोंदले गेलेले नाही. सावकाश वाढणाऱ्या प्राण्यांचे गणित असेच निष्ठुर असते. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू स्वतः वीण घालण्याजोगे व्हायला सुमारे पाच वर्षे लागतात. एक प्रौढ पक्षी दगावला की कित्येक हंगामांची कमाई जाते.

आपल्याकडचे विष गुरांच्या इंजेक्शनातून आले. डायक्लोफिनॅक दिलेले जनावर लवकरच मेले तर औषध त्याच्या मांसात राहते. ते खाल्लेल्या गिधाडाचे मूत्रपिंड काही दिवसांत निकामी होते. हे कारण २००४ मध्ये पाकिस्तानातील संशोधनातून उघड झाले. भारतात १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांची संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली. अभ्यासकांच्या हिशेबाने एवढ्या संहाराला शंभरातले एकाहूनही कमी मढे विषारी असणे पुरेसे होते. म्हणजे शंभरातील नव्याण्णव मढी निर्धोक असली तरी गिधाडे वाचत नाहीत. गिधाडांचा थवा एकाच मढ्यावर उतरतो, त्यामुळे एका बैलाच्या इंजेक्शनची किंमत अख्खा थवा मोजतो.

बंदी तर आलीच आहे, मग आता काळजी कशाची, असे विचारले जाते. २००६ मध्ये जनावरांसाठीचे डायक्लोफिनॅक बंद झाले, पण माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात पोहोचत राहिल्या. २०१५ मध्ये कुपी ३ मिलीलिटरपुरती मर्यादित करावी लागली. गिधाडांना तितकेच घातक असलेल्या केटोप्रोफेन आणि असेक्लोफिनॅकवर जनावरांसाठी बंदी यायला २०२३ साल उजाडले. कागदावरची बंदी आणि मेडिकल दुकानाचे कपाट यांत एवढे अंतर आहे. दुसरा आक्षेप शेतकऱ्याच्या बाजूचा आहे आणि तो मला मोलाचा वाटतो: तापाने फणफणलेल्या बैलाला वेदनेत का ठेवायचे? ठेवू नये. मेलोक्सिकॅम हे औषध गिधाडांना अपाय करत नाही आणि बैलालाही उतार पडतो. गावात ते सहज मिळावे आणि घातक औषधाहून महाग पडू नये, ही जबाबदारी पशुसंवर्धन विभागाची आहे, एकट्या शेतकऱ्याची नाही.

मढी पुरून टाका, कुत्री आहेतच, असेही म्हणतात. एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थतज्ज्ञांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, गिधाडे संपल्यामुळे २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे ५ लाख जादा मृत्यू झाले असावेत असा अंदाज मांडला आहे. सडकी मढी, दूषित पाणी, वाढलेली कुत्री आणि रेबीज ही त्यामागची साखळी. अंदाजाबद्दल वाद घालता येईल. साखळीबद्दल फारसा येणार नाही.

पिंजऱ्यातली पैदास निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. निसर्गातली गिधाडे संपलीच तर तोच विमा आहे. पण क्रम नेपाळने दाखवला. नवलपरासीतील पिठौलीत गावकऱ्यांनी म्हातारी गुरे सांभाळली, ती आपोआप मेल्यावर निर्धोक मांस गिधाडांपुढे ठेवले, आणि सोबत दुकानांतून डायक्लोफिनॅक हटवण्याची मोहीम चालवली. पिंजऱ्यातली गिधाडे तिथे सोडली गेली ती त्यानंतर.

गडचिरोलीकडे याची निम्मी तयारी आहे. तिथे वनविभागाने गावकऱ्यांच्या मदतीने गिधाडांसाठी 'उपाहारगृहे' चालवली, मेलेली गुरे तिथे आणून टाकली. आता त्यात एका वहीची भर हवी: जनावर कोणाचे, शेवटचे इंजेक्शन कोणते, किती दिवसांपूर्वी, कोणी दिले. उत्तर मिळाले नाही तर ते मढे गिधाडांपुढे न टाकता पुरावे, आणि मालकाला त्याचा मोबदला तरीही मिळावा, म्हणजे खरे सांगायला त्याला भीती राहणार नाही. याच जोडीला चंद्रपूर आणि गडचिरोलीतल्या दुकानांची दर वर्षी गुप्त पाहणी व्हावी आणि तिचा निकाल तालुकावार जाहीर व्हावा. पिंजोरहून पुढची खेप मागवायची की थांबायचे, हे त्या निकालावरून ठरवता येईल.